पानांची कड मोजायला शिकवा

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पानांच्या कडांचा भाग आला की मुलं फळ्यावरची आकृती उतरवतात, खाली ‘दंतुर’ असं लिहितात आणि वही मिटतात. हे बदलायला हवं. जास्वंदीच्या पानाच्या कडेवरून बोट फिरवलं की दाते कळतात. कडुनिंबाच्या पर्णिकेचे दाते करवतीसारखे टोकाकडे झुकलेले असतात. आंबा, वड, फणस मात्र सलग कडेचे.

खरं विज्ञान इथून पुढे सुरू होतं. १९१५ मध्ये आयर्विंग बेली आणि एडमंड सिनॉट या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं की थंड प्रदेशांतल्या वृक्ष-झुडपांत दातेरी पानांच्या जाती जास्त असतात आणि उष्ण प्रदेशांत सलग कडेच्या. त्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांच्या जीवाश्मांवरून त्या काळच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. एकट्या कडुनिंबावरून हवामान ठरत नाही, कारण इथे महत्त्व प्रमाणाला आहे. म्हणून जाती मोजाव्या लागतात.

ही मोजणी कुठल्याही शाळेला जमेल. आवारातल्या प्रत्येक जातीच्या झाडाचं एक पान आणायचं, दातेरी आणि सलग असे दोन ढीग करायचे आणि टक्केवारी काढायची. यात वनस्पतिशास्त्र, गणित आणि भूगोल एकत्र येतात, खर्च काहीच नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत आकृतीला नाव देण्याऐवजी या नोंदींना गुण द्या. मुलं झाडांकडे आपणहून जातील.