दोन किलोच्या कुत्र्याचा पाय आणि दोन जिल्ह्यांची सोय

"कुत्र्याचा पाय मोडलाय ना? बांधा दोन कामट्या, बसतंय आपोआप." साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही गावात हा सल्ला फुकट मिळतो. गावठी कुत्र्याच्या बाबतीत तो कधीकधी खराही ठरतो. पंधरा-वीस किलोचं काटक कुत्रं महिनाभर तीन पायांवर लंगडतं आणि मग थोडा वाकडा का होईना, पाय टेकायला लागतं. पण हाच सल्ला दोन-अडीच किलोच्या पॉमेरेनियनला किंवा टॉय पूडलला दिला, तर बहुतेक वेळा त्या कुत्र्याचा पाय कायमचा जातो. लिहायला कारण तेच. विषय कुत्र्याचा आहे, पण प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांतल्या जनावरांच्या दवाखान्यांचा आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी पायाचं समजून घेऊ. या चिमुकल्या जातींचा पुढचा पाय बहुतेक एकाच ठिकाणी मोडतो, मनगटाच्या जरा वर. तिथं दोन हाडं असतात आणि मोडताना सहसा दोन्ही एकदमच मोडतात. त्यासाठी गाडीखालीच यायला पाहिजे असं काही नाही. सोफ्यावरून उडी, पोराच्या कडेवरून निसटणं, ॲक्टिव्हाच्या फूटबोर्डवरून झेप, गुळगुळीत फरशीवर घसरणं, एवढंही पुरतं. हाड पेन्सिलीपेक्षा बारीक. त्या भागात मांस जवळपास नाहीच, नुसती कातडी आणि शिरा. मोठ्या कुत्र्यांच्या मानानं तिथं हाडाला होणारा रक्तपुरवठाही कमी असतो. रक्त कमी म्हणजे हाड जुळायला वेळ जास्त. तेवढा वेळ मोडलेली टोकं जागेवर घट्ट धरून ठेवावी लागतात.

आता प्लास्टर किंवा कामट्या का फसतात ते बघा. मोडलेलं हाड बाहेरून धरायचं तर वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे अडकले पाहिजेत. एवढ्याशा निमुळत्या पायावर ते बांधकाम सरकतं. सैल बांधलं तर आत हाड हलत राहतं. घट्ट बांधलं तर पंजा सुजतो, कातडीला जखमा होतात, कधी पंजा सडायची वेळ येते. हाड हलत राहिलं की ते जुळायचं थांबतं, आणि काही आठवड्यांनी टोकं झिजून अणकुचीदार व्हायला लागतात. म्हणजे दोन महिने "बघू, बसेल" करत काढले की पुढचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड होऊन बसतं. म्हणून जगभरातले जनावरांचे सर्जन या एका मोडीसाठी सरळ सांगतात, प्लेट बसवा. छोटी प्लेट आणि दीड मिलिमीटर किंवा त्याहून बारीक स्क्रू. हाडाच्या रुंदीच्या साधारण 40 टक्क्यांपेक्षा जाड स्क्रू घालायचा नाही, नाहीतर त्या भोकातूनच हाड पुन्हा मोडतं. भूलही जपून द्यावी लागते, कारण दोन किलोचा जीव पटकन गार पडतो. हे घड्याळ दुरुस्तीसारखं काम आहे. त्याला हात पाहिजे, हत्यारं पाहिजेत आणि एक्स-रे पाहिजे.

हे सगळं आपल्याकडं कुठं मिळतं?

आमच्या गल्लीत एक घर आहे. नवरा शिवणकाम करतो, बायको डबे देते. घरात पोरीच्या हट्टापायी आणलेली एक पॉम. ती गाडीवरून उडी मारून पडली. जवळच्या दवाखान्यात बँडेज झालं. आठवड्यानं दुसरं, मग तिसरं. दर वेळी ही बाई विचारायची, "डॉक्टर, बसेल ना हो?" आणि उत्तर यायचं, "बघू की, अजून पंधरा दिवस राहू द्या." एक्स-रे पहिल्यांदा निघाला तो पाचव्या आठवड्यात, तोही दुसऱ्या गावात. तेव्हा कळलं, हाड जुळलेलंच नाही. आणि मग सांगितलं गेलं, पुण्याला न्या. त्या डॉक्टरनं मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. त्याच्याकडं मशीन नाही, बारीक प्लेटा नाहीत, आणि दिवसभर तो म्हशीची अडलेली वितं काढत फिरतो. माझा आक्षेप एवढाच, की "हे माझ्याकडं होणार नाही, उद्याच्या उद्या पुढं न्या" हे वाक्य पहिल्या दिवशी कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. आणि "पुढं" म्हणजे नक्की कुठं, हे सांगता यायला पाहिजे होतं.

पुढं म्हणजे कुठं, याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं. तिथं शस्त्रक्रिया शिकवतात, पुढचे डॉक्टर घडतात. सातारकरांना हायवेनं तासाभराची वाट. पण जरा नकाशा बघा. शिरवळ हे सातारा जिल्ह्याचं उत्तरेचं शेवटचं टोक, नीरा ओलांडली की पुणे जिल्हा. सांगलीहून ते दीडशे किलोमीटरच्या वर जातं. जत, आटपाडीच्या माणसाला तर जाऊन-येऊन दिवस मोडतो. ते कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते क्रांतिसिंह वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा सातारा आणि सांगली एकच जिल्हा होता. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. नाव दोन्ही जिल्ह्यांचं, सोय मात्र एका टोकाला, अशी आजची गत आहे.

ज्यांना वाटतं की पैसा असला की सगळं होतं, त्यांच्यासाठी एक उदाहरण. रतन टाटांच्या कुत्र्याच्या पायाचा सांधा बदलायचा होता. त्यांनी त्याला थेट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेलं. तरी उशीर झाला होता, आणि तिथल्या डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत कायमचा पक्का करावा लागला. हे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं होतं. त्यानंतर 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल सुरू झालं. चांगलंच झालं. पण टाटांनाही जो उशीर भोवला, तो आपल्या शिंप्याच्या पोरीला भोवणारच. मोडलेल्या हाडाला पैशाइतकंच अंतर आणि वेळ मारतं. महालक्ष्मीचं हॉस्पिटल कवठेमहांकाळला कितीसं उपयोगी पडणार?

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "इथं माणसांना दवाखाना नाही आणि तुम्हाला कुत्र्याची पडलीय." राव, मुद्दा बरोबर आहे, म्हणून नीटच उत्तर देतो. पहिली गोष्ट, माणसांच्या दवाखान्याचं बजेट काढून इकडं द्या असं मी म्हणत नाही. जनावरांचे सरकारी दवाखाने आधीच आहेत. गावात आहेत, तालुक्याला आहेत, जिल्ह्याला सर्वचिकित्सालय आहे. 1962 नंबर फिरवला की फिरतं पथक येण्याची योजना आहे. इमारत, पगार, खातं सगळं चालू आहे. मी मागतोय ते त्याच व्यवस्थेला हाडाच्या कामाची धार लावायला.

दुसरी गोष्ट, ज्या एक्स-रे मशीनवर पॉमचा पाय दिसतो त्यावरच वासराचा, शेळीचा आणि माडग्याळच्या मेंढराचाही पाय दिसतो. माण-खटाव, जत-आटपाडी हा मेंढ्या-शेळ्यांचा मुलूख आहे. खिलार वासराचा पाय दावणीत अडकून मोडला तर आज काय होतं? कामट्या बांधतात, नाहीतर विकून मोकळे होतात. लहान कुत्र्याच्या हाडावर ज्याचा हात बसलाय, त्याला वासराचं हाड कळायला सोपं जाईल. हे शिकणं एका जातीपुरतं राहत नाही.

तिसरी गोष्ट जरा टोचेल. शर्यतीच्या बैलासाठी आपण काय काय केलं ते आठवा. मोर्चे काढले, विधिमंडळात कायद्यात दुरुस्ती करून घेतली, वर्षानुवर्षं कोर्टात लढलो आणि 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टात जिंकलो. दोन्ही जिल्ह्यांत गुलाल उधळला. जनावराला धावायचा हक्क मिळावा म्हणून एवढं करणाऱ्या मुलखाला, जनावराचा पाय मोडल्यावर तो जोडायची सोय मागायला लाज कसली?

आणि "श्रीमंतांचे चोचले" हे तर आता सोडूनच द्या. छोटी कुत्री आज कुणाकडं आहेत ते डोळे उघडून बघा. रिक्षावाल्याकडं आहेत, निवृत्त एसटी कंडक्टरकडं आहेत, पोरं पुण्या-मुंबईला गेलेल्या एकट्या आजीकडं आहेत. त्या आजीशी दिवसभर बोलणारा घरात तो एकच जीव असतो. प्लेटच्या ऑपरेशनचा खासगीतला खर्च दहा हजारांच्या पटीत जातो, शिवाय पुण्याच्या खेपा. मग काही घरं पाय कापायला तयार होतात, काही झोपेचं इंजेक्शन मागतात, आणि काहीजण गुपचूप हायवेच्या कडेला सोडून येतात. हे तिन्ही प्रकार टाळता येण्यासारखे आहेत.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो.

एक. शिरवळच्या कॉलेजच्या सर्जननी महिन्यातून ठरलेल्या दिवशी सातारा, कराड आणि सांगली-मिरजेत हाडांची ओपीडी घ्यावी. मिरजेत 1894 साली वानलेसनी दवाखाना उभा केला आणि कर्नाटकापर्यंतची माणसं उपचाराला मिरजेला यायला लागली. एका चांगल्या सर्जनभोवती सगळा परिसर कसा शिकतो, हे आपल्याला नवीन नाही.

दोन. दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समितीतून जिल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात चालू स्थितीतला डिजिटल एक्स-रे, गॅसच्या भुलीचं मशीन आणि बारीक प्लेटा-स्क्रूंचा साठा ठेवावा. मशीन घेऊन भागत नाही. ते चालवणारा माणूस आणि दुरुस्तीचा करार, दोन्ही त्याच कागदावर पाहिजेत. धूळ खात पडलेली मशीनं आपण पुष्कळ पाहिलीत.

तीन. गावातल्या डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो पाठवला की कॉलेजकडून ठरलेल्या वेळेत उत्तर यावं: बांधून भागेल की ऑपरेशन लागेल. मोबाईलच्या जमान्यात याला खर्च जवळपास शून्य आहे.

चार. दवाखान्यात दरफलक लावा. ऑपरेशनला किती, प्लेटला किती, पुढच्या एक्स-रेला किती. माणूस कर्ज काढायचं की नाही हे पहिल्या दिवशी ठरवू शकला पाहिजे.

आता सरकारला बोललो तसं आपल्या लोकांनाही बोलतो. "टीकप", "पॉकेट साइज" असं म्हणून मोबाईलवर फोटो दाखवून पिल्लं विकणारे वाढलेत. कुत्री पैदास करून विकणाऱ्यांसाठी 2017 पासून केंद्राचे नियम आहेत. नोंदणी सक्तीची आहे आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घेताना नोंदणी आहे का, एवढं विचारा. जितकं बारीक कुत्रं मागाल तितकं बारीक हाड पदरात घ्याल. घरात आणलंच, तर सोफ्याशेजारी एक छोटं पायरीवजा स्टूल ठेवा, फरशीवर सतरंजी टाका, आणि लहान पोरांना जमिनीवर बसूनच कुत्र्याला मांडीवर घ्यायला शिकवा. निम्मे पाय यानंच वाचतील असं मला वाटतं.

आणि मोडलाच तर, चोळू नका, तेल लावू नका, ओढून सरळ करू नका. माणसांची दुखण्याची गोळी तर अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. कोपराच्या खाली मोड असेल आणि कुत्रं बांधू देत असेल तर कापसाची घडी ठेवून वर दुमडलेला पेपर हलकासा गुंडाळा. कोपराच्या वर किंवा मांडीत असेल तर काहीच बांधू नका. खोक्यात मऊ कापड घालून ठेवा आणि निघा. हाड कातडीबाहेर दिसत असेल तर स्वच्छ ओलं कापड टाकून त्याच दिवशी गाठा. दवाखान्यात पोचल्यावर पहिला प्रश्न विचारा, "एक्स-रे कधी काढायचा?" दुसरा विचारा, "तुमच्याकडं प्लेट होते का, नसेल तर कुठं पाठवता?" हे विचारण्यात डॉक्टरचा अपमान नाही. चांगला डॉक्टर उलट खूश होतो. आणि ऑपरेशन झालं तरी काम संपत नाही. सहा-आठ आठवडे पिंजऱ्यात किंवा छोट्या जागेत ठेवायचं, उडी बंद, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एक्स-रे. बरीच चांगली ऑपरेशनं "आता चालतंय की" म्हणून लवकर मोकळं सोडल्यामुळं वाया जातात.

जिल्हा परिषदेतले, नियोजन समितीतले बरेच मित्र ही पोस्ट वाचतात, हे मला माहीत आहे. तुमच्याकडं मागणी आली नाही म्हणून तरतूद झाली नाही, असं आता म्हणता येणार नाही. वरच्या चार मागण्यांचं निवेदन करून मी पुढच्या आठवड्यात दोन्ही जिल्ह्यांच्या पशुसंवर्धन कार्यालयांत देणार आहे. सही करायची असेल तर कमेंटमध्ये तालुक्याचं नाव लिहा. आणि तुमच्या कुत्र्याचा, शेळीचा, वासराचा पाय मोडला तेव्हा कुठं जावं लागलं, किती दिवस गेले, किती पैसे गेले, तेही लिहा. दवाखान्याचं नाव नको, गाव आणि दिवस पुरेत. निवेदनाला जोडायला तेवढा कागद लागणार आहे.