आमची पोरं लांडग्याची पिल्लं नव्हेत

गेल्या रविवारी वस्तीतल्या विहारात बैठक झाली. दहा वर्षांच्या आतल्या पोरापोरींचं पथक काढायचं यावर सगळ्यांचं एकमत झालं. गाडी अडली ती नावावर. आमचा एक मास्तर मित्र म्हणाला, शाळेत चालतं तेच ठेवू. पोरं 'कब', पोरी 'बुलबुल'. दुसरा म्हणाला, इंग्रजी कशाला, 'बालवीर' म्हणा. तिसरा कंटाळला होता. म्हणाला, नावात काय ठेवलंय? दोरीच्या गाठीच शिकवायच्यात ना?

हे त्या तिसऱ्यासाठी लिहितोय.

नावात काय ठेवलंय, हे त्यानं विचारावं ज्याच्या बापजाद्यांवर कुणी नाव लादलं नाही. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालायचा घाट घातला, तेव्हा बाबासाहेब आपली माणसं घेऊन सभागृहाबाहेर पडले. एका शब्दासाठी. आणि आपण आपल्या पोरांच्या छातीवर लावायचा शब्द पारखून न घेताच उचलणार?

'कब' म्हणजे जंगली जनावराचं पिल्लू. इथं लांडग्याचं. बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्यानं १९०८ मध्ये पुस्तक काढलं आणि स्काउट चळवळ पसरली. धाकटी भावंडंही मागं लागली, म्हणून १९१६ मध्ये त्यांच्यासाठी 'वुल्फ कब' शाखा निघाली. तिला गोष्ट हवी होती, ती त्यानं किपलिंगच्या 'जंगल बुक'मधून घेतली. हा किपलिंग १८६५ साली आपल्या मुंबईतच जन्मलेला. पुस्तक १८९४ चं. मोगली, बालू, बगीरा, शिवनीचं रान. पथकाचा म्होरक्या तो 'अकेला', पोरं ही त्याची टोळी. त्याच्याभोवती गोल बसायचं आणि लांडग्यागत आरोळी ठोकायची. पोरांना मजा येते, मी नाही म्हणत नाही. मलाही आली होती.

पण ती गोष्ट पुन्हा वाचा.

त्या रानाला कायदा आहे आणि कायद्याच्या बाहेर ठेवलेली एक जमात आहे, बंदरलोग. बालू अस्वल म्हणजे तिथला मास्तर. त्याचा मार खाऊन मोगली रुसून बसतो, तेव्हा माकडं त्याला खायला देतात, गोड बोलतात. हे कळल्यावर बालू खवळतो. मग तो शिकवतो की ही माकडं जातीबाहेरची आहेत, ती पितात त्या पाणवठ्यावर रानातले बाकीचे पाणी पीत नाहीत, ती जातात तिकडं कुणी फिरकत नाही. त्यांना कायदा नाही. त्यांना स्वतःची भाषासुद्धा नाही, चोरून ऐकलेले शब्द तेवढे ती वापरतात.

मित्रांनो, हा पाणवठा ओळखीचा वाटला का? २० मार्च १९२७ ला महाडात आपली माणसं ज्या तळ्यावर चालत गेली, त्या तळ्याचा कायदा यापेक्षा काय वेगळा होता? आणि ती भाषेची गोष्ट! आमची कविता वाचून 'ही कसली भाषा' म्हणून नाक मुरडणारे पंडित बालूच्याच शाळेत शिकलेत. कुणी म्हणेल, अरे, माकडांची गोष्ट ती, मनाला काय लावून घेतोस? पण किपलिंग या देशात जन्मला, इथल्या वर्तमानपत्रात त्यानं नोकरी केली. जातीबाहेर ठेवणं हे त्यानं रानात पाहिलं नाही, गावात पाहिलं, असं माझं म्हणणं आहे.

आमच्या शाळेत कबचं पथक होतं. एकदा का नावाच्या अजगराचा नाच बसवला. त्यात अजगराकडं खेचली जाणारी माकडं लागतात. मोगली कोण, बगीरा कोण, ते मास्तरांनी ठरवलं. आमच्या वस्तीतले आम्ही चौघं. चौघंही माकडं. खोटं कशाला बोलू, तेव्हा वाईट वाटलं नाही, उड्या मारायला मिळाल्या. मधल्या सुट्टीत नळावर गेलो तर वर्गातलं एक पोरगं ओरडलं, "बंदरलोग आले रे!" आणि रांग बाजूला झाली. पोरगं आठ वर्षांचं. त्यानं धडा बरोबर पाठ केला होता.

शिवाय १९१६ चा नियम असा की कबनं म्हाताऱ्या लांडग्याचं ऐकायचं, स्वतःचं ऐकायचं नाही. आपण विहारात सांगतो 'अत्त दीप भव'. दोन्ही एकाच पोराला कसं सांगणार? (बुलबुलवर वेगळं लिहावं लागेल. पोरगा लांडगा आणि पोरगी गाणारा पक्षी, एवढ्यावरच समजा.)

राहिला 'बालवीर'. शब्द देखणा आहे. स्काउट म्हणजे पुढं जाऊन टेहळणी करणारा, वाटा ठाऊक असलेला, निरोप पोचवणारा. गावात हे काम कोण करत होतं? सरकारी निरोप तालुक्याला नेणं, साहेबाला वाट दाखवणं, हद्दीची साक्ष देणं, वेशीवर जागणं, सगळं महाराच्या गळ्यात. येसकर बाप आजारी पडला तर पोरगं काठी घेऊन धावायचं. त्याला कुणी वीर म्हटलं नाही. वरून शिळा तुकडा टाकला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्या वतनाविरुद्ध विधेयक आणलं, वतन मोडायचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. तेच काम दुसऱ्याचं पोरगं सुट्टीत हौसेनं करतं, तेव्हा बिल्ला मिळतो.

आफ्रिकेतही तेच झालं. १८९९-१९०० मध्ये बोअरांनी मेफकिंग गावाला २१७ दिवस वेढा घातला. आत सेनापती हाच बेडन-पॉवेल. तिथल्या गोऱ्या पोरांची निरोप्यांची तुकडी पुढं स्काउटांची मूळकथा बनली. पण रात्री बोअरांच्या रांगांमधून चिठ्ठ्या घेऊन बाहेर जाणारे काळे निरोपे होते. धान्य आखडलं तेव्हा आधी उपाशी राहिले तेही काळेच, त्यातले कित्येक मेले. कोर्टात दुभाष्या असलेला विशीतला काळा तरुण, सॉल प्लात्ये, ते दिवस डायरीत उतरवत होता. डायरी छापून आली १९७३ साली. तोवर शौर्य गोऱ्यांच्या नावावर जमा होऊन गेलं होतं.

मास्तर मित्र म्हणतो, चळवळ सगळ्यांची आहे. आज असेलही. सुरुवातीला हिंदी पोरांना तिचं दार बंदच होतं, म्हणून ॲनी बेझंटबाईंनी १९१६ मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली. गोऱ्यानं दार लावलं की अपमान लगेच कळतो. १९३० मध्ये आपण काळारामाच्या दाराशी उभे होतो, तेव्हा तो किती जणांना कळला?

गाठी शिकवा. जखम बांधायला शिकवा, नकाशा वाचायला शिकवा. हे ज्ञान कुणाच्या बापाचं नाही. शब्द मात्र आपला पाहिजे. समता सैनिक दल १९२७ पासून आहे, म्हणून मी 'धाकटे सैनिक' सुचवलं. तर मागं बसलेल्या एका पोरीनं विचारलं, "दादा, धाकटे म्हणजे कमी का?"

मला उत्तर आलं नाही. तेव्हा पुढच्या रविवारी नाव पोरापोरींनीच ठरवायचं, आपण मागं बसायचं. मास्तरांनीसुद्धा. येताना प्रत्येकानं दोन हात सुतळी आणा.