प्रेमत्रिकोण आणि वाचकाचा निवाडा

कथा-कादंबरीतील पात्राने घेतलेला निर्णय योग्य की अयोग्य, हा प्रश्न समीक्षेने अनेकदा गौण मानला आहे. पात्र ही शब्दांनी घडलेली निर्मिती आहे. तिच्यावर नैतिक दोषारोप करणे म्हणजे साहित्य आणि जीवन यांची गल्लत करणे होय, असा युक्तिवाद त्यामागे असतो. प्रत्यक्षात वाचक निवाडा केल्यावाचून राहत नाही, आणि प्रेमत्रिकोणाच्या कथेत तर त्याला तसे राहताच येत नाही. 'माक्रॉस' (१९८२-८३) या जपानी ॲनिमे मालिकेतील हिकारूने मिनमेला सोडून मिसाची निवड केली ती योग्य होती का, यावर वाद घालणारा प्रेक्षक आणि देवयानी-शर्मिष्ठा यांत डावे-उजवे करणारा मराठी वाचक एकच काम करीत असतात. तेव्हा निवाडा करावा की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. तो कोणत्या पुराव्यावर आणि कोणाच्या नीतिनियमांनुसार करावा, हा प्रश्न आहे.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगी आहे. या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही प्रथमपुरुषी निवेदनातून आपापली बाजू मांडतात. साक्षीदार तीन आहेत. न्यायाधीशाची जागा रिकामी आहे आणि ती वाचकाने घ्यावयाची आहे. असे असूनही रूढ निवाडा ठरून गेला आहे : शर्मिष्ठा त्यागमूर्ती, देवयानी अहंकारी, ययाती भोगलोलुप परंतु दुबळा. हा निवाडा पुराव्यातून आला की निवेदनाच्या वाटणीतून, असे विचारावयास हवे. सर्वाधिक जागा ययातीच्या साक्षीला मिळाली आहे. देवयानीच्या कठोरपणाविषयी वाचकाला जे कळते त्यातील बराच भाग तिच्याशी प्रतारणा करणाऱ्या पतीच्या तोंडून कळतो. हितसंबंध असलेल्या साक्षीदाराचे म्हणणे कोणतेही न्यायासन सावधपणे ऐकते. समीक्षेनेही तसेच ऐकले पाहिजे. शिवाय ययातीमध्ये खांडेकरांना आधुनिक माणसाची अनिर्बंध भोगवासना दाखवावयाची होती. त्या प्रतिपादनाच्या सोयीनेही पात्रांच्या भूमिका ठरल्या आहेत.

पात्राचा निर्णय तोलताना परिणामापेक्षा निर्णयाच्या क्षणी त्याला कोणते मार्ग मोकळे होते, हे पाहणे अधिक न्याय्य ठरते. हा निकष लावला की चित्र बदलते. देवयानीला कचाने नाकारले आहे; तिच्यापाशी असलेले एकमेव बळ पित्याचे आहे आणि ते ती वापरते. शर्मिष्ठेला दासी करण्यात क्रौर्य आहे, त्याचे समर्थन होत नाही. परंतु पतीचा गुप्त संबंध उघड झाल्यावरचा तिचा संताप हा अहंकाराचा विकार नसून फसवल्या गेलेल्या पत्नीचा संताप आहे. उलट, शर्मिष्ठेने कुलाच्या रक्षणासाठी दास्य पत्करलेले आहे. राजा आणि दासी यांच्या प्रेमात दासीच्या संमतीला कितपत स्वातंत्र्य असते, हा प्रश्न 'त्यागमूर्ती' या विशेषणाखाली झाकला जातो. महाभारतातील शर्मिष्ठा स्वतः पुढाकार घेते आणि आपल्या मागणीच्या समर्थनार्थ युक्तिवादही करते. तिची इच्छा आणि तिची परवशता, दोन्ही त्या विशेषणात हरवतात. तिघांत खऱ्या अर्थाने निवडीचे स्वातंत्र्य ज्याला होते तो ययाती. आणि सहानुभूतीचा सर्वांत मोठा वाटाही त्यालाच मिळतो. जितके स्वातंत्र्य तितका दोष, हे सूत्र मान्य केल्यास रूढ निवाड्याचा क्रम उलटा करावा लागेल.

गिरीश कार्नाडांच्या कन्नड 'ययाति'मध्ये (१९६१) पुरूची पत्नी चित्रलेखा उभी राहते आणि त्रिकोणाबाहेरच्या स्त्रीने या निर्णयांची काय किंमत मोजावी, हे विचारू लागते. म्हणजे निवाडा कोणाला बोलू दिले यावरही अवलंबून असतो.

काही कृतींत मात्र पुरावाच अपुरा ठेवलेला असतो. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) चक्रधर मुंबईला उतरतो आणि ज्यू निर्वासित हॅर्टा पुढच्या प्रवासाला जाते. त्याच्या माघारीमागे भीरुता होती, उमेने दिलेली जुनी जखम होती, की युद्धाच्या उंबरठ्यावरील जगापुढची एका माणसाची हतबलता? कादंबरी यांपैकी एकच कारण निवडून देत नाही. येथे निकाल प्रलंबित ठेवणे हाच प्रामाणिक निवाडा ठरतो.

राहिला प्रश्न नीतिनियमांचा. देवयानी 'पत्नी' आणि शर्मिष्ठा 'दुसरी', या भेदावर रूढ निवाडा उभा आहे, आणि हा भेद विधिवत विवाहावर आधारलेला आहे. जव्हार-मोखाडा भागातील वांगणीसारख्या गावातून मराठी विभागात येणाऱ्या विद्यार्थ्याला तो तितका स्वयंसिद्ध वाटेलच असे नाही. या परिसरातील वारली समाजात लग्न लावण्याचा मान धवलेरीचा, म्हणजे स्त्रीचा असतो. आणि खर्च पेलत नसल्याने अनेक जोडपी आधी संसार मांडतात, विधी पुढे सवडीने उरकतात. विधीपूर्वीचा तो संसारही समाज मानतो. अशा वाचकाला शर्मिष्ठेचा संबंध गुप्त का राहिला, राजाने तो उघड का मानला नाही, हा प्रश्न तिच्या शीलाच्या प्रश्नाआधी सुचू शकतो. यावरून आदिवासी समाजाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. भुताळी ठरवून स्त्रीचा छळ करण्याची प्रथा याच समाजात होती, हे विसरता येत नाही. मुद्दा एवढाच की मध्यमवर्गीय नगरवाचकाची नीती हीच साहित्याची नीती, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

हा केवळ तात्त्विक वाद नव्हे. परीक्षेत 'देवयानीचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न आला की मार्गदर्शिकेतील तयार निवाडा उतरवणारा विद्यार्थी गुण मिळवतो आणि स्वतःच्या जीवनानुभवातून वेगळा निष्कर्ष काढणारा बिचकतो. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला यातून एकच धडा मिळतो : आपले जगणे हे वाचनाचे साधन नव्हे. हा धडा चुकीचा आहे. निष्कर्ष कोणताही असो, तो संहितेतील पुराव्यावर उभा आहे का आणि पात्रापुढचे पर्याय त्यात लक्षात घेतले आहेत का, एवढेच परीक्षकाने पाहावे. देवयानीच्या बाजूने लिहिलेल्या उत्तरालाही पूर्ण गुण मिळणे शक्य असले पाहिजे.