गृहपाठ कोणाचा?

जूनच्या मध्यावर राज्यातील शाळा सुरू होतात. नव्या वह्यांना कव्हरे घालण्याचा उत्साह आठवडाभर टिकतो आणि मग घरोघरी संध्याकाळचा तो परिचित प्रयोग सुरू होतो. आई स्वयंपाकघरातून ओरडत असते, मूल वहीसमोर बसून तिसऱ्यांदा पेन्सिलीला टोक करीत असते, वडील अजून गाडीत असतात. रात्री नऊ वाजता पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्न येतो की, उद्या नेमके काय पूर्ण करून न्यायचे आहे? खरे तर हे मुलाला ठाऊक असायला हवे. पण विचारते एक आई आणि उत्तर देते दुसरी आई. गृहपाठ मुलाचा आहे, ही साधी गोष्ट या साऱ्या धावपळीत कोणाच्याच ध्यानी राहिलेली नसते.

या विषयाचा शासकीय पातळीवर विचारच झाला नाही, असे म्हणता येणार नाही. राज्यसभेवर नियुक्त झालेले कादंबरीकार आर. के. नारायण यांनी आपल्या पहिल्याच भाषणात दप्तराखाली वाकलेल्या मुलांचा प्रश्न मांडला होता. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ हा तिचा अहवाल आला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे अधिक घातक आहे, हे त्या अहवालाचे सार. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर तासांचा हिशेबच मांडला. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरीपासून आठवड्याला दोन तास, उच्च प्राथमिक वर्गांना रोज एक तास आणि त्यापुढे रोज दोन तास. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारनेही पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये, असे राज्यांना कळविले. एवढे सारे कागदावर असताना शहरातील पहिलीच्या मुलाची दैनंदिनी उघडून पाहावी. तिच्यात रोजचा रकाना भरलेला आढळतो.

यासाठी शाळेला दोष देणे सोपे आहे. परंतु एखाद्या शाळेने धैर्याने गृहपाठ बंद केला, तर पहिल्याच पालकसभेत ‘मुलांना घरी अभ्यास का देत नाही?’ म्हणून जाब विचारणारेही आपणच असतो. भरलेली वही आपल्याला दिसते, मुलाला काय उमगले ते दिसत नाही; म्हणून आपण वहीवर समाधान मानतो. अमेरिकेतील संशोधक हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गृहपाठ आणि शैक्षणिक प्रगती यांचा संबंध वरच्या इयत्तांत ठळक, तर लहान मुलांच्या बाबतीत बराच क्षीण, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे मात्र जिथे लाभ सर्वांत कमी, तिथेच आग्रह सर्वांत जास्त!

चीनने २०२१ मध्ये सरकारी फर्मान काढून गृहपाठाचे तास आणि खासगी क्लास या दोहोंवर निर्बंध घातले. घरातील संध्याकाळ शासनाने आखून द्यावी, ही रीत आपल्या प्रकृतीला मानवणारी नाही आणि तशी ती आणूही नये. त्या आदेशातील एक कलम मात्र मनन करण्याजोगे आहे. शिक्षकांनी पालकांना गृहपाठ देऊ नये आणि तो तपासण्याचे कामही त्यांच्यावर सोपवू नये, असे ते कलम सांगते. आपल्याकडचे ‘प्रकल्प’ या कसोटीला लावून पाहावेत. इयत्ता तिसरीच्या मुलाला ‘वाहतुकीची साधने’ या विषयावर तक्ता करून आणायला सांगतात. शाळेजवळच्या दुकानात छापील चित्रांचा कागद मिळतो, आई तो कापते, वडील रात्री अकराला डिंक लावून चिकटवतात आणि अक्षर सुबक हवे म्हणून शीर्षक ताई लिहिते. मूल तोवर झोपलेले असते. सकाळी त्या तक्त्याला ‘उत्कृष्ट’ असा शेरा मिळतो. आता तर निबंध लिहून देणारी यंत्रणा वडिलांच्या भ्रमणध्वनीतच येऊन बसली आहे. कापण्या-चिकटवण्याचेही कष्ट उरलेले नाहीत.

हेच मूल दिवाळीत अंगणात किंवा इमारतीच्या कोपऱ्यात किल्ला करते, तेव्हाचे दृश्य आठवावे. माती कुठून आणायची, बुरूज ढासळू नये म्हणून दगड कसे रचायचे, तळ्याचे पाणी झिरपू नये यासाठी काय करायचे, अळीव किती दिवस आधी पेरले म्हणजे किल्ला हिरवा दिसेल, याचे सारे नियोजन मुले आपसांत भांडत-मिटवत करतात. त्याला गुण नसतात, त्यावर पालकांची सही नसते. आजोबांना विचारले जाते, पण रायगडाचा महादरवाजा कसा आहे, एवढेच. किल्ला आजोबा बांधून देत नाहीत. मोठ्यांचे काम कुठवर आणि मुलांचे कुठून, ही सीमारेषा आपल्या परंपरेने या एका खेळात किती नेमकी आखली आहे! शाळेच्या कामाच्या वेळी तीच सीमा आपण का पुसून टाकतो?

मराठी घरांत परवचा होता, तेव्हाही ही सीमा सांभाळली जात असे. दिवेलागणीला शुभंकरोति झाले की पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी ओळीने म्हटली जात. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पुढे मापेही बदलली आणि औटकीचे व्यवहारातील प्रयोजन संपले. ती पुन्हा घोकावी असे आमचे म्हणणे नाही. तो सोहळा सरसकट सुखाचा होता असेही नाही, चुकले की पाठीत धपाटा ठरलेला असे. परंतु त्याची घडण लक्षात घेण्यासारखी होती. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, म्हणणारे मूल आणि ऐकणारे मोठे माणूस. ऐकणारी आजी अनेकदा निरक्षर असे. तिला पाढा लिहिता येत नसला तरी ‘सात सक्कं’ला नातू अडखळला, हे तिच्या कानाला बरोबर कळे. शिकवण्याचे काम पंतोजींचे होते, घराचे काम ऐकण्याचे होते.

आज हे ऐकण्याचे काम घराकडून निसटण्याचे मोठे कारण माध्यमाचे आहे. मराठीत उत्तम वाचन-लेखन असलेली आई मुलाला इंग्रजी माध्यमात घालते आणि आपल्याच घरात एका दिवसात निरक्षर होते. परिसर अभ्यासातील पाण्याचे चक्र तिला ठाऊक असते, पण ते ज्या वाक्यांत पाठ करून हवे असते, ती वाक्ये तिची नसतात. मग पहिलीपासून क्लास! ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणानुसार सशुल्क शिकवणीला जाणाऱ्या पहिली ते आठवीच्या मुलांचे प्रमाण देशात २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्क्यांवर गेले. ही खेड्यांची गोष्ट आहे; शहरांचे काय सांगावे? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे. त्याची चर्चा नेहमी भाषाभिमानाच्या अंगाने होते. मुलाच्या शिक्षणातील आईचे स्थान टिकवण्याचाही तोच मार्ग आहे, हा मुद्दा मात्र मागे पडतो.

याहून कठीण अवस्था वस्तीतील मुलाची. आईवडील दोघेही कामावर, दहा बाय बाराची खोली, चालू असलेला दूरदर्शन संच आणि घरात शिकलेली पहिलीच पिढी. पालकांच्या मदतीवाचून जो पुराच होऊ शकत नाही, असा गृहपाठ या मुलाच्या हाती शिक्षक देतात, तेव्हा नकळत ते त्याला त्याच्या आईवडिलांच्या निरक्षरतेची शिक्षा देत असतात. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही. अशी मुले गाईडमधून उत्तरे उतरवतात तेव्हा ती लिहीत नसतात, अक्षरांची चित्रे काढत असतात. समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. त्या चिकाटीच्या सरावात आणि या आंधळ्या नकलेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आमच्या वाचकांत कार्यकर्त्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हेही बोलले पाहिजे. आठवड्याच्या पाच संध्याकाळी बैठकांत जातात, रविवारी अभ्यासवर्ग किंवा प्रवास. वस्तीतील वीस मुलांच्या अभ्यासिकेची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी त्याची मुलगी एकटीच अभ्यासाला बसते आणि प्रगतिपुस्तकावर सही करण्यापुरते बाबा तिला भेटतात, असे चित्र अपवादात्मक नाही. हा भार आजवर घरातील गृहिणीने न बोलता उचलला. आता तीही नोकरी करते. मुलीच्या गणिताचे उत्तर शोधून देण्यासाठी बाबांनी घरी थांबावे, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. आठवड्यातील दोन संध्याकाळी अर्धा तास समोर बसून ‘आज काय वाचलेस, ते मला सांग’ एवढे म्हणावे, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि ती चुकली तरी वाक्य पुरे होऊ द्यावे. चुकलेले गणित चुकलेलेच शाळेत जाऊ द्यावे. घरी दुरुस्त झालेली वही पाहून मुलीचे कुठे अडते हे बाईंना कसे कळणार? अभ्यासिकेतही उत्तरे फळ्यावर लिहून देण्याचा मोह टाळावा. तिथे येणाऱ्या मुलाला उजेड, चटई आणि त्याचे मोठ्याने वाचणे ऐकणारा कोणी, इतकेच हवे असते. ते त्याच्या आईलाही जमेल. तिला तसे सांगणारे मात्र कोणी भेटलेले नसते.

शाळांशी बोलण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. या समित्यांच्या बैठकींत बहुधा छताची गळती, पोषण आहार आणि गणवेश यांवर बोलून वेळ संपतो. पुढच्या बैठकीत एखाद्या पालकाने एका वर्गाच्या आठवडाभराच्या गृहपाठाची वही टेबलावर ठेवावी आणि यातील कोणते काम मूल कोणाच्याही मदतीवाचून करू शकेल, असे शिक्षकांना नम्रपणे विचारावे. खासगी शाळांतील पालकांनी हाच प्रश्न पालकसभेत विचारायला हरकत नाही.