‘प्रेक्षकांना चालणार नाही’

१९६८चा मार्च. अमेरिकेत एनबीसी वाहिनीसाठी पेटुला क्लार्कच्या खास कार्यक्रमाचं शूटिंग चालू होतं. सोबत हॅरी बेलाफॉन्टे. दोघं ‘ऑन द पाथ ऑफ ग्लोरी’ हे युद्धविरोधी गाणं गात होते आणि गाता गाता क्लार्कनं त्याच्या हातावर हात ठेवला. ती गोरी इंग्रज गायिका, तो काळा गायक. कार्यक्रमाची प्रायोजक होती मोटारी बनवणारी क्रायस्लर. तिचा जाहिरात अधिकारी अस्वस्थ झाला. दक्षिणेकडच्या राज्यांत हे खपणार नाही, दोघं लांब उभे असलेला टेक वापरा, असा त्याचा आग्रह. क्लार्क आणि तिचा नवरा क्लॉड वुल्फ यांनी बाकीचे सगळे टेक नष्ट करून टाकले. आता दाखवायला तेवढा एकच उरला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चार दिवसांनी तो प्रसारित झाला आणि प्रेक्षकांनी कार्यक्रम उचलून धरला.

बेलाफॉन्टेची ‘कॅलिप्सो’ ही तबकडी १९५६ सालापासून लाखो गोऱ्या घरांत वाजत होती. आवाज दिवाणखान्यात चालत होता. त्या आवाजाच्या माणसाला कुणी स्पर्श करावा, हे चालत नव्हतं. त्यानं १९५७ साली ज्युली रॉबिन्सन या गोऱ्या नर्तिकेशी लग्न केलं, तेव्हा काळ्या समाजातल्या वृत्तपत्रांनीही त्याला जाब विचारला. सॅमी डेव्हिस ज्युनियर या काळ्या गायकानं स्वीडिश नटी मे ब्रिटशी ठरलेलं लग्न १९६०च्या निवडणुकीसाठी पुढं ढकललं. केनेडींच्या प्रचारासाठी तो राबला होता. तरी शपथविधीच्या सोहळ्याचं त्याचं आमंत्रण रद्द झालं. मला हा प्रसंग आजही संतापजनक वाटतो.

द्वेष काल्पनिक होता असं मी म्हणत नाही. १९५६ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बर्मिंगहॅममध्ये काळा गायक नॅट किंग कोलवर भर रंगमंचावर हल्ला झाला होता. पण त्या द्वेषाची किंमत कुणी मोजायची, हे प्रत्येक वेळी धंदा ठरवत आला आणि बिल नेहमी कलावंताच्या नावावर फाडलं गेलं. १९५७ साली ॲलन फ्रीडच्या कार्यक्रमात फ्रँकी लायमन हा कोवळा काळा गायक एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला. दक्षिणेतली केंद्रं खवळली आणि एबीसीनं कार्यक्रमच गुंडाळला. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक तर १९४९पर्यंत काळ्यांच्या गाण्यांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावानं छापत होतं. नाव बदललं, यादी वेगळीच राहिली.

म्हणून एखाद्या प्रसिद्ध मिश्र जोडप्याचा फोटो झळकला की ‘संगीतानं वर्णभेद पुसला’ असं लिहिणाऱ्यांशी माझं जमत नाही. गोरा गायक डेव्हिड बोवी आणि काळी मॉडेल इमान यांचा संसार सुंदर होता, पण बोवीचं मोल मी त्यांच्या १९९२च्या लग्नावरून करत नाही. १९८३ साली एमटीव्हीवर मुलाखत देताना त्यानं उलट निवेदकालाच विचारलं होतं की, तुमच्याकडे काळे कलावंत इतके कमी का दिसतात? लहान गावांतल्या प्रेक्षकांचा विचार करावा लागतो, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. क्रायस्लरच्या त्या अधिकाऱ्याचंच म्हणणं, १५ वर्षांनी.

हा चालवून न घेणारा प्रेक्षक पुष्कळदा धंद्याच्या भीतीतूनच जन्मतो. चार्ली प्राइड या काळ्या गायकाच्या सुरुवातीच्या कंट्री तबकड्या कंपनीनं रेडिओ केंद्रांना त्याचा फोटो न जोडताच पाठवल्या. श्रोत्यांना त्याचा रंग कळला, तरी ते त्याला ऐकत राहिले. १९७१ साली तो कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम कलावंत ठरला. २०१९मध्ये ‘बिलबोर्ड’नं लिल नास एक्स या काळ्या गायकाचं ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्रीच्या यादीतून काढलं. तेच गाणं सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं.

२०२४च्या फेब्रुवारीत ओक्लाहोमातल्या एका कंट्री केंद्राकडे श्रोत्यानं बियॉन्सेचं नवं कंट्री गाणं मागितलं. आम्ही कंट्री केंद्र आहोत, तिची गाणी लावत नाही, असं उत्तर गेलं. त्यावर देशभरातून ईमेल आणि फोनचा भडिमार सुरू झाला आणि केंद्रानं ते गाणं लावलं.