कुंपणच शेत खाऊ लागले तर...

५ जून २०२४ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील अपील न्यायालयाने तेथील रोखे नियामक आयोगाची एक नियमावली समूळ रद्द केली. हेज फंड आणि तत्सम खासगी निधींनी आपल्या गुंतवणूकदारांना दर तिमाहीस शुल्काचा, खर्चाचा व परताव्याचा हिशेब द्यावा, ही त्या नियमावलीतील एक प्रमुख अपेक्षा होती. या निधींत शिक्षकांच्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचाही पैसा असतो. तरीही नियमावली मोडून काढण्यासाठी सहा उद्योग-संघटना एकत्र न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. वॉशिंग्टनची मॅनेज्ड फंड्स असोसिएशन त्यांत होती, तशीच लंडनची अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट मॅनेजमेंट असोसिएशनही होती.

'हेज' या शब्दाचा अर्थ कुंपण. भावांच्या चढउतारापासून भांडवलाचे रक्षण करणारे कुंपण, ही मूळ कल्पना. आज हे निधी धनाढ्यांचा व मोठ्या संस्थांचा पैसा घेऊन, त्यावर कर्ज उचलून, चढत्या आणि पडत्या अशा दोन्ही बाजारांत डाव मांडतात. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, हा आपल्या म्हणीतला प्रश्न त्यांना तंतोतंत लागू पडतो. दाद ऐकणारा नियामक असतो. पण त्या नियामकाच्या दारात अष्टौप्रहर उभे असतात ते या निधींचेच संघटित वकील!

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे समजून भारतीयांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये भारतीय बाजारात पार्टिसिपेटरी नोट्सच्या रूपाने आलेला पैसा सुमारे साडेतीन लाख कोटी रुपयांवर गेला होता. या मार्गाने आलेल्या पैशाचा अंतिम मालक सहज कळत नसे आणि परदेशी हेज फंडांचा हा आवडता मार्ग होता. १६ ऑक्टोबरला 'सेबी'ने त्यावर निर्बंध सुचवले. दुसऱ्याच दिवशी सकाळी निर्देशांक १७०० अंकांहून अधिक कोसळला, व्यवहार तासभर थांबवावे लागले आणि बंदीचा विचार नाही, असा खुलासा अर्थमंत्री चिदंबरम यांना करावा लागला. निर्बंध आले खरे. पण वर्षभरातच, ऑक्टोबर २००८ मध्ये जागतिक मंदीच्या भीतीने ते मागे घेतले गेले.

२०१८ मध्ये तोच खेळ पुन्हा झाला. परदेशी निधींचे खरे लाभार्थी कोण, हे उघड करण्याचे नियम 'सेबी'ने कडक केले. 'अ‍ॅसेट मॅनेजर्स राउंडटेबल ऑफ इंडिया' या गटाने इशारा दिला की, ७५ अब्ज डॉलर भारताबाहेर जातील. 'सेबी'ने तो दावा बेजबाबदार म्हणून झिडकारला. मात्र त्याच महिन्यात, एच. आर. खान समितीच्या शिफारशींनंतर, नियम सौम्य झाले. नियमांत काही अडचणी खऱ्या असतीलही. परंतु मुत्सद्देगिरीचा साचा दोन्ही वेळी एकच होता : 'आम्हाला त्रास द्याल, तर आम्ही निघून जाऊ.'

ही धमकी ज्याला कधीच देता येत नाही, असा माणूस नांदेड जिल्ह्यातील उमरीत राहतो. उमरीच्या शेतकऱ्याला आपले काळे रान उचलून सिंगापूरला नेता येत नाही. सोयाबीन काढले की मोंढ्यात न्यायचे, ओलाव्याची कपात सोसायची आणि लातूरच्या भावाकडे पाहत जो दर निघेल तो घ्यायचा. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते. कुक्कुटपालन उद्योगाच्या संघटनांनी पेंड महागल्याची हाकाटी केली, आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकबदल सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला मुभा दिली. नवे पीक बाजारात येईतो भाव जवळपास निम्म्यावर आला. २० डिसेंबर २०२१ रोजी 'सेबी'ने सोयाबीन, हरभरा यांसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले आणि ती स्थगिती पुढे वारंवार वाढवली. वायदे असावेत की नसावेत, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. सट्ट्याने भाव भडकतात असे एक पक्ष म्हणतो; पुढचा भाव आधी कळला तर पेरणीचा निर्णय सोपा होतो, असे दुसरा. दलालांच्या, गाळप उद्योगाच्या संघटनांनी आपापली निवेदने दिली. ज्याचे पीक होते, त्याचे म्हणणे त्या फायलीत कितीसे पोहोचले? सल्लामसलतीचे मसुदे इंग्रजीत निघतात, मुदत थोड्या दिवसांची असते आणि त्या काळात उमरीचा शेतकरी रानात असतो.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४८ च्या आरंभी, याच उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी निजामी राजवटीच्या बँकेची तिजोरी हस्तगत केली. त्या रकमेचा पै-पैचा हिशेब लढ्याने राखला, असे मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितले जाते. प्राण तळहातावर घेतलेली माणसे ज्या भूमीत हिशेब चुकवत नाहीत, तेथील नागरिकाने अब्जाधीशांच्या निधींकडे हिशेब मागितला तर त्यात मागासलेपण कसले?

व्यापाऱ्यांनी संघटित होणे हा गुन्हा नव्हे. परंतु संघटनेच्या बळावर समाजाला वेठीस धरणे हा गुन्हा आहे, हे भारताला कोणा पाश्चात्त्याने शिकवायला नको. कौटिल्याने अर्थशास्त्रातील 'कंटकशोधन' अधिकरणात, संगनमताने माल अडवून अवाजवी भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना सहस्र पणांचा दंड सांगितला आहे. राज्याच्या अंगातील काटे काढणे हे राजाचे कर्तव्य. काट्यांनाच विचारून काटे काढायचे नसतात!

अमेरिकेत हितसंबंधी मध्यस्थांची १९९५ च्या कायद्याने नोंद होते, युरोपीय संघाची नोंदवही २०११ पासून आहे. भारतात असा कायदाच नाही. कोणती संघटना कोणत्या अधिकाऱ्याला केव्हा भेटली, तिने काय मागितले आणि त्यातले किती मान्य झाले, हे 'सेबी'ने आणि मंत्रालयांनी प्रसिद्ध केले पाहिजे. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ही मागणी बदलता कामा नये. शेतमालाविषयीचे मसुदे मराठीसह भारतीय भाषांत निघाले पाहिजेत आणि हंगाम पाहून मुदत ठरली पाहिजे.

उरलेले काम कार्यकर्त्यांचे. पंडित दीनदयाळांच्या अंत्योदयातील अखेरचा माणूस मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात निवेदन घेऊन जाणार नाही. ते त्याच्या वतीने लिहून न्यावे लागेल. भारतीय किसान संघाची ग्रामसमिती, शाळेतला शिक्षक, तालुक्याचा वकील यांनी एकत्र बसून प्रत्येक मसुद्यावर दोन पानांचे उत्तर पाठवले, तरी नियामकाच्या मेजावर दुसरी बाजू उभी राहील. जो लिहीत नाही, त्याच्या वतीने दुसरेच कोणी लिहून जाते, आणि ते त्याच्या हिताचे क्वचितच असते.