पाडसाचं मटण आणि गरज कोणाची?

उलव्यात एका जेवणावळीत एकजण फुशारकी मारत होता : फार्महाऊसवर भेकराच्या पाडसाचं मटण खाल्लं, काय कोवळं! पंचशील घेणारी आपलीच पोरं हसली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केलाय. फार्महाऊसवाल्याला गरज कसली? भेकराची मादी बहुधा एकच पिल्लू देते, त्यावर मांस तरी किती!

गरज असलीच तर फासे लावणाऱ्या कातकऱ्याला. पण १९७२ च्या कायद्याने शिकार गुन्हा ठरली आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानेही शिकारीचा पारंपरिक हक्क वगळला. रान बंद केलंत, मग जमीन, रेशन, रोजगार वाडीवर पोहोचला का? शिकारीचं मांस विकत घेणं, जवळ बाळगणंही गुन्हाच आहे, मित्रांनो. त्या ऑर्डर देणाऱ्याला हातकडी कधी?